दहा किलोचा धोंडा

धोंड्याचं पारडं जमिनीवरून उचललं गेलं. पहिल्यांदाच. दुसऱ्या पारड्यात सुमन बसली होती, धापा टाकत, जांभळ्या ओठांनी.

"हात काढा मामा," पंचफुला दुकानदार माणिकरावाला म्हणाली.

"काढलाय की. भरली तुजी पोरगी."

धोंडा पंचफुलानंच दुष्काळी कामावरून आणला होता. माणिकरावानं कोपरे फोडत फोडत तो बरोबर दहा किलोचा करून दिला होता. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीच्या काळजाला भोक आहे, ते शिवता येतं. पण एवढ्याशा जिवावर आमचा हात अजून बसलेला नाही, आत्ता केलं तर टेबलावरच जाईल. दहा किलो भरली की आणा. परदेशात अंगावर पिणाऱ्या लेकरांचंही करतात म्हणे. मग पंचफुलानं काय, परदेशात जाऊन बाळंत व्हायचं होतं?

दोन घोट दूध प्यायलं की पोरीला घाम फुटायचा. भोकामुळं अंग धरत नव्हतं, आणि अंग नाही म्हणून भोक कुणी शिवत नव्हतं. शिकलेल्यांनी घातलेलं हे कोडं बोरीतल्या खडी फोडणाऱ्या बाईनं सोडवायचं होतं, तेही पावसानं दडी मारलेल्या साली. कामावर मजुरांना खायला सुकडी, भाजल्या पिठाचा गोड भुगा, मिळायची. पंचफुला ती पदराला बांधून आणायची, पाण्यात कालवून बोटानं चाटवायची. दर बाजाराला पोर तोलायची. शेजारची चांगुणाबाई करवादायची, लेकरू तोलू नये, नजर लागते. मग पंचफुला पारड्यातून उचलता उचलता पोरीवर थुंकल्यासारखं करायची आणि पुढच्या बाजाराची वाट बघायची.

गेल्या पंधरवड्यात मात्र गाल वर आले. पावलं गुबगुबीत झाली, वाळे रुतायला लागले. नवरा, सूर्यभान, हमालीवरून आला की ती पावलंच धरून बसायचा. चांगुणाबाईसुद्धा म्हणाली, सुकडी लय मानवली गं.

दहा किलो भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघांनी परभणीहून मुंबईची गाडी धरली.

डॉक्टरनं वजन विचारलंच नाही. सुमनच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खळी तशीच राहिली.

"हे अंग नाही बाई. पाणी भरलंय. हृदय थकलं तिचं. आधी आणायला हवं होतं."

"तुमीच म्हनलात, दहा किलो."

डॉक्टर पुढच्या पोराकडं वळला. त्याला तरी काय, रांग मोठी होती.

सुमन बोरीला परत आली नाही.

पुढं एका बाजारी माणिकरावानं पंचफुलाला हाक मारली. धोंडा पायरीशी पडून होता, गिऱ्हाईकाला ठेच लागत होती. फेकून देऊ का, त्यानं खालमानेनं विचारलं.

"न्हाई. नेते मी."

"थांब, चुंबळ देतो. डोक्यावर घे."

दगड डोक्यावर वाहण्यातच तिचा जन्म गेला होता. पण पंचफुलानं धोंडा डाव्या कडेवर घेतला. ऊन लागत होतं, म्हणून त्याच्यावर पदर ओढला, आणि सावली धरून ती घराकडं निघाली.