भार्गवीअम्माची होडी

मित्रांनो, मी भार्गवीअम्माची होडी. माझ्या फळ्या आंजिलीच्या लाकडाच्या आहेत आणि त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. अंगात एकही खिळा नाही. म्हणून मला गंजाची भीती नाही; भीती आहे ती टाका उसवण्याची. ती धास्ती उराशी घेऊनच मी इतकी वर्षे काढली.

आमचे घर केरळातल्या कुट्टनाडातले, तीन बाजूंना पाणी असलेले. मी आले तेव्हा भार्गवी एकोणतीस वर्षांची होती. तिचा नवरा बांधांसाठी सरोवराच्या तळाचा चिखल काढायचा. एका सकाळी त्याने बुडी मारली आणि तो वर आलाच नाही. मागे राहिली दोन मुले, सात वर्षांचा सुगुणन आणि पाच वर्षांची वत्सला. ही आता पाण्याकडे बघणारसुद्धा नाही, असे शेजारी म्हणू लागले. पण महिनाभरातच तिने दोघांना माझ्यात बसवले आणि पलीकडच्या काठावरच्या शाळेत नेले. ती वल्हे पाण्यात खोल घालतच नव्हती. काठावरच्या कुणाला ते दिसले नाही. मला मात्र कळले.

"अम्मा, तू घाबरलीस?" वत्सलाने विचारले.

"मी कशाला घाबरू? गप बस, नाहीतर शाळेतच सोडून येईन."

"शाळेतच तर चाललोय!" सुगुणन म्हणाला, आणि तिघेही हसली.

त्यानंतर कितीतरी वर्षे तो रिवाज चालला. सकाळी मुलांना सोडायचे, दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात भात लावायचा आणि साडेतीनला शाळेच्या पायरीला येऊन थांबायचे. शाळा सुटायच्या आधीच ती पोचलेली असे. बाप गेला तसे आईचेही काही झाले असेल, हा विचार मुलांच्या मनात क्षणभरही येऊ नये, एवढीच तिची धडपड. दर उन्हाळ्यात ती मला उपडी घालून सैल टाके आवळायची आणि काजूच्या टरफलांचे तेल चोळायची. त्या तेलाने तिच्या तळहातांची सालटी निघत. बांधावरून जाणारी माणसे म्हणत, "एवढी देखणी होडी अख्ख्या गावात नाही."

मुले मोठी झाली. वत्सला लग्न होऊन सासरी गेली. सुगुणनची बायको परदेशात नर्स झाली, तेव्हा त्यांच्या मुलीला, आतिराला, आजीनेच वाढवले. आतिरा तिला अच्छम्मा म्हणायची. नात जेवेना की भार्गवी तिला माझ्यात बसवून पाणकोंबड्या दाखवत एकेक घास पेज भरवायची.

मग पूल झाला, स्कूटर आली, आणि मला माडाला बांधून ठेवले ते ठेवलेच. माझ्याभोवती जलपर्णी माजली. सहा वर्षे मला तेल मिळाले नाही.

त्याच सुमारास भार्गवी एकाच चहात दोनदा साखर घालू लागली. आतिराला 'वत्सला' म्हणू लागली. सुगुणन वैतागायचा. "अम्मा, ही वत्सला नाही! किती वेळा सांगू?" त्याला राग नव्हता, भीती होती. एके दिवशी त्याने माझे वल्हे माळ्यावर टाकले. "ही होडी फोडून चुलीत घालू. अम्मा कधी हिच्यात बसली तर?" ते ऐकून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

आणि एका दुपारी ती आलीच. माझ्यातले पाणी तिने करवंटीने उपसले, वल्ह्याऐवजी माडाच्या झावळीचा दांडा घेतला आणि मला सोडले.

"भार्गवीचेच्ची, निघालीस कुठं?" जाळे धूत बसलेल्या शेजारच्या पापनने विचारले; तो तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायचा.

"पोरांना आणायला. शाळा सुटली असेल."

पापन हसला. मग त्याचे हसू मावळले आणि तो सुगुणनला हाका मारत धावला.

मी काय करणार होते? माझे टाके कुजले होते. मधल्या धारेत मोठी हाऊसबोट गेली, तिच्या लाटेने मी कलले. भार्गवीचे हात मात्र काही विसरले नव्हते. तिने मला लाटेवर आडवे होऊ दिले नाही. पण पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढले होते आणि तिचे तिकडे लक्षच नव्हते. आम्ही पलीकडे पोचलो, पण शाळा कधीच बंद पडली होती, पायऱ्यांवर शेवाळ होते. "सुगुणाऽ! वत्सलेऽ!" ती हाका मारत राहिली. तिचा आवाज चिरकू लागला.

तेवढ्यात पापनच्या होडीतून सुगुणन आणि आतिरा आली.

"अम्मा, लवकर या होडीत ये. तुझी बुडतेय!"

"पोरं आल्याशिवाय मी हलायची नाही. तुम्ही मास्तर ना? माझा मुलगा दिसला का?"

"अगं, मीच सुगुणन!"

"आरशात बघा जरा, मास्तर. केस पिकले तुमचे. माझा सुगुणन दुसरीत आहे."

सुगुणनने हात पुढे करून माझा काठ धरला. आतिराने अलगद माझ्यात पाय टाकला.

"अम्मा," ती म्हणाली, "दादा पुढं गेला घरी. मला भूक लागलीय."

भार्गवीने तिच्याकडे पाहिले. "भूक लागलीय? मग आधी नाही का सांगायचं! बस खाली, उभी राहू नकोस."

ती वल्हवत होती आणि आतिरा पाणी उपसत होती. सुगुणन शेजारच्या होडीतून माझा काठ घट्ट धरून होता. मधोमध आलो तेव्हा माझा एक टाका तटकन तुटला. आतिराने ओढणीचा बोळा करून ती फट दाबली आणि काठ येईपर्यंत हात काढला नाही. घराजवळ सुगुणन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने मला ओढून काठाला लावले. उतरताना भार्गवीने त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

"देव तुमचं भलं करो, मास्तर. माझा सुगुणन मोठेपणी तुमच्यासारखा झाला तर मला दुसरं काही नको."

त्या दिवसानंतर सुगुणनने तिला एकदाही दुरुस्त केले नाही. त्याने मला नव्याने शिवून घेतले आणि रोज दुपारी तो तिला माझ्यात बसवून फिरवू लागला. ती विचारायची, "मास्तर, अभ्यासात कसा आहे हो तो?" तो म्हणायचा, "चांगला आहे. आईची फार आठवण काढतो." आठ महिन्यांनी ती गेली. अखेरपर्यंत तिने त्याला ओळखले नाही. पण साडेतीनला ती पुन्हा कधी कासावीस झाली नाही.

मित्रांनो, टाका उसवला तर शिवता येतो. माणसाचे तसे नसते. तुमच्या घरात कुणी चुकीच्या नावाने हाक मारली, तर आधी ओ द्या.