अक्काच्या पोटातला प्रतिपिंड

रत्नाबाईंच्या पोटात पितरांचा पिंड सापडला आणि प्रकरण मिटलं. नाही, असं काहीच झालं नाही. हे वाक्य आलंच नाही असं धरू आणि म्हाळाच्या दिवसापासून सुरू करू.

राजाजीनगरातल्या घरी म्हाळ होता. स्वयंपाक नेहमीप्रमाणे रत्नाबाईंचा. नात्याने त्या घरातल्या तरण्या शंभूराजच्या काकू. पण जे मराठी घराणं तीनशे वर्षं या कन्नड गावात राहिलंय, तिथे काकूचीसुद्धा अक्का होते. गच्चीवर पानात पिंड ठेवला. या भागात कबुतरं हवी तितकी, कावळा मात्र वशिल्याशिवाय येत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर पान रिकामं. कावळा कुणालाच दिसला नव्हता, पण भूक सगळ्यांनाच लागली होती, म्हणून तो येऊन गेला असं एकमताने ठरलं.

दुसऱ्या दिवशी अख्खं घर आडवं. उलट्या, जुलाब, आणि एका संडासावर तीन पिढ्यांचा वारसाहक्क. एकट्या रत्नाबाई ठणठणीत. सगळ्यांना पेज करून घालत होत्या. तीच त्यांची चूक झाली. शंभूराजचे थोरले काका संताजीअण्णा उठून बसण्याइतके बरे झाले आणि म्हणाले, जी आजारी पडली नाही तिने स्वतःचं रांधलेलं खाल्लं नसणार, आणि का खाल्लं नाही ते तिलाच ठाऊक. दिवाळीपासून स्वयंपाक बाहेरच्या आचाऱ्याकडे. रत्नाबाईंचा पितळी डाव अण्णांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रत्नाबाई भांडल्या नाहीत. शंभूराजला एवढंच म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात तो डाव दिला होता. तो गेला तर मी इथे पाहुणी रे."

शंभूराज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याच्या एका प्रयोगशाळेत आतड्यांच्या विषाणूंवर संशोधन करत होता. म्हणजे लोकांची शी तपासत होता, पण स्थळांना संशोधन सांगितलं जाई. त्याला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, अण्णांना म्हाळाच्या पहाटेपासूनच जुलाब होते, त्याचं श्रेय ते पितरांच्या आठवणीला देत होते, आणि कोशिंबीर त्यांनीच हाताने कालवली होती. दोन, उन्हाळ्यात एका बारशाहून आल्यावर अक्का याच दुखण्याने निजून होती. पहिली गोष्ट अण्णांना सांगण्याची घरात पद्धत नव्हती. म्हणून दुसरी सिद्ध करायचं ठरलं.

त्याचा हिशेब सरळ होता. विषाणू तोच असेल, तर अक्काच्या आतड्यात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी अजून शिल्लक असणार. रक्तातल्या अँटिबॉडी अगदीच कुचकामी नसतात, पण ते राजाजीनगरात बसून बोम्मसंद्र्याची राखण केल्यासारखं. आतड्याच्या अस्तरावर ज्या पाझरतात, त्या विषाणूला दारातच मिठी मारतात आणि सकाळी त्याला घेऊनच बाहेर पडतात. तेव्हा पुरावा सकाळीच मिळणार होता.

अक्काने नमुना लोणच्याच्या बरणीत चालेल का, असं विचारलं. नको म्हटल्यावर तिला बरणीसाठी हायसं वाटलं. मेट्रोत रक्षकाने बर्फाच्या डब्याकडे बोट करून विचारलं, "ऊटा?" जेवणच आहे, पण नंतरचं, असं शंभूराजने कन्नडमध्ये सांगितलं. रक्षकाने जाऊ दिलं.

निकाल उत्तम आला. अक्काचं आतडं अँटिबॉडींनी भरलेलं होतं. पण अण्णांची अट होती: या घरात जे सांगायचं ते मराठीत. शंभूराजची शाळा इंग्रजी, गल्ली कन्नड. कन्नडमधला 'प्रतिकाय' त्याला येत होता, पण तो म्हटला असता तर अण्णा "प्रति काय?" विचारत बसले असते. शेवटी त्याने प्रयोगशाळेत पुण्याहून आलेल्या सुचेता मॅडमना अँटिबॉडीला मराठी शब्द विचारला. त्यांनी दहावी मराठीतून केल्याच्या अभिमानाने सांगितला.

संध्याकाळी सगळे जमल्यावर शंभूराजने जाहीर केलं, "अण्णा, अक्काच्या पोटात प्रतिपिंड सापडले आहेत."

अण्णांनी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच कावळा कुणाला दिसला नाही."

शंभूराजने विषाणू समजावला, आतडं समजावलं, हातवारे करून अस्तरही समजावलं. अण्णांनी फक्त अहवालावर शिक्का आहे का ते पाहिलं. होता. रत्नाबाईंना थेट विचारण्यात आलं.

"मी खाल्ला असता," त्या म्हणाल्या, "तर मीठ कमी आहे हे तेव्हाच सांगितलं नसतं का?"

यावर अण्णांनी बराच विचार केला आणि निवाडा दिला. पिंड पितरांपर्यंत पोचला नाही, म्हणून पितर रागावले आणि घर आजारी पडलं. जिने खाल्ला तिच्या पोटात तो होता, म्हणून ती वाचली. तेव्हा स्वयंपाकात खोट नव्हती. डाव परत. मात्र अक्काने यापुढे म्हाळाच्या दिवशी गच्चीवर पाय ठेवायचा नाही.

शंभूराज विज्ञानाच्या वतीने तोंड उघडणार, तोच अक्काने त्याचा पाय दाबला.

"सरी," ती कन्नडमध्ये होकार देत म्हणाली. "गच्ची तुमची, डाव माझा." आणि डाव घेऊन आत गेली. आतून फोडणीचा आवाज आला.

शंभूराजला मात्र झोप येईना. निकाल बरोबर होता, निवाडाही एका अर्थी बरोबर होता, फक्त मधलं सगळं चुकलं होतं. सकाळी त्याने गच्चीच्या दाराला बाहेरच्या बाजूने एक कागद चिकटवला:

"म्हाळाच्या दिवशी सदर गच्चीवर उपस्थित असलेल्या कावळ्याने, पिंड आपणच भक्षण केल्याचे लेखी निवेदन चोचीच्या ठशासह, तसेच स्वतःच्या विष्ठेचा ताजा नमुना, पुढील म्हाळापूर्वी खाली सही करणाऱ्याकडे सादर करावा, ही नम्र विनंती."