महाराजांच्या हातचा काला

दोन हजार चार सालची गोष्ट. अल्लीपुरात रूपरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चादरीत गुंडाळलेली पोरं, त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या, आणि ओट्यावर त्याच्याकडे मुक्कामाला असलेले चिमटेनाथ महाराज! सप्ताहाच्या शेवटी स्वतःच्या हाताने दहीकाला कालवताना त्यांनी भाकीत केले होते, "गावावर ज्वर येऊन राह्यला. माझा अंगारा घेईन, तोच तरन!" पंधरवड्यात खरोखरच घरोघर ताप आला. अंगारा चाटवला की तो उतरे. मग महाराजांचे पाय धुवायला रांग लागणार नाही तर काय!

पण उतरलेला ताप पुन्हा येऊ लागला. महाराजांनी डोळे फिरवले, चिमटा खणखणवला. "अंगारा खोटा नाई. गावात करणी हाय. ज्या घरी ताप नाई, ते घर पाहा!"

गल्लीत असे घर एकच होते. रूपरावची विधवा बहीण शकुबाई त्याच्याच मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहायची. रूपराव भर अंगणात तिला म्हणाला, "शके, अमावस्येच्या आत गाव सोड."

"भाऊ, मी काय केलं रे?" एवढेच ती बोलली.

रूपराव आणि मी एका बाकावर शिकलो. मी इथेच मास्तर झालो, त्याची पोरगी आकांक्षा माझ्याच वर्गात. तिचाही ताप उलटला होता. मी वाद घालत बसलो नाही, पोरीला उचलून सरळ दवाखान्यात नेले.

"टायफॉईड दिसतोय," डॉक्टर सपनाबाई म्हणाल्या. त्यांनी दिलेली गोळी चघळताच आकांक्षाने तोंड वाकडे केले. "हे तर अंगाऱ्यावानीच कडू लागते!"

राख कुठे एवढी कडू असते?

डॉक्टरांनी आजाऱ्यांचे रक्त तपासणीला पाठवले. सगळे आजारी सप्ताहाचा काला खाल्लेले निघाले, म्हणून काल्याला हात लावलेल्या सगळ्यांची विष्ठाही मागितली. महाराज चिडतील असे मला वाटले होते, ते तर फुलले! "न्या, न्या! योग्याच्या देहात अपवित्र काईच नसते!" भक्तांनी त्यांच्या नमुन्याच्या डबीला हळदकुंकू लावले. आरती तेवढी राहिली.

तपासणी झाल्यावर डॉक्टर अंगणातच उभ्या राहिल्या. "जंतूंचीही भावकी असते. त्यांची जनुके ताडून पाहिली की कोण कोणाच्या घराण्यातला ते कळते. तुमच्या पोरांच्या रक्तातले जंतू एकाच घराण्यातले आहेत. गेल्या साली सेलूला ताप आला होता, तिथले जंतू प्रयोगशाळेने जपून ठेवलेत. तेही त्याच घराण्यातले. आणि तेच महाराजांच्या पोटात आहेत."

"सेलूलेही काला महाराजांनीच केलता," म्हातारे बंडूजी पुटपुटले.

टायफॉईड होऊन गेल्यावर काहींच्या पोटात हे जंतू वर्षानुवर्षे मुक्काम करतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. महाराजांचे न धुतलेले हात काल्यात पडत होते. आपल्यामागून ताप येतो एवढे त्यांनी हेरले होते, आणि त्यालाच भविष्यवाणी म्हणत होते.

"मंग शकुबाईले काऊन नाई झाला?" शेजारच्या अनुसयाबाईने विचारले.

शकुबाई दारातूनच बोलली. "मले काला देल्ला कोणं? विधवेचा हात लागू नये म्हणून भावानं मले पंगतीतून उठवलं."



"अन् अंगारा कडू कसा?" मी विचारले. महाराजांनी रूपरावकडे पाहिले. रूपरावने मान खाली घातली. "गोळ्या मीच आणो हिंगणघाटहून. कुटून राखेत मिसळो. महाराज म्हणे, देवाले हातभार लागते."

चिमूटभर औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. म्हणून ताप उलटत होता. म्हणजे अंगाऱ्यात काय आहे हे रूपरावला पहिल्यापासून ठाऊक होते! तरी त्याने सख्ख्या बहिणीला करणीवाली ठरू दिले, पोटच्या पोरीला ती राख चाटवली. बुवा तर परकाच, त्याचा धंदाच फसवण्याचा. मला फसवले ते माझ्या बाकावरच्या दोस्ताने, आणि ते अजून पचत नाही.

महाराजांना पोलीस घेऊन गेले. रूपराव बहिणीपुढे हात जोडून म्हणाला, "शके, नको जाऊ."

शकुबाईने आकांक्षाला जवळ ओढले. "जात नाई. पण हिची गोळी आता मीच देईन, पुरी देईन. तुह्या हातची नको."

वाचकहो, हात धुवा, औषध पुरते घ्या. आणि सारा गाव आजारी असताना एखादीच धडधाकट दिसली, तर तिच्यावर बोट रोखण्याआधी एवढे तरी विचारा: आपण तिला कोणत्या पंगतीतून उठवले होते?