कारभारीची साक्ष

"हात वर कर की गं! शेंड्याची बोंडं येचायला काय तुझा बाप येणार हाय?"

बांधावरून कारभारी बायकोवर वरडला. कापूस वेचणाऱ्या बायांचे हात थांबले. सारजाबाईनं उजवा हात उचलला, पण छातीच्या वर तो जाईना. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाजरी सोंगताना विळा लागला, म्हणून तिनं फुलंब्रीच्या एका दवाखान्यात धनुर्वाताची लस घेतली होती. कंपाउंडरनं घाईघाईत सुई दंडात द्यायची सोडून पार खांद्याच्या टोकाशी खुपसली. तवापासून खांदा जो धरला, तो सुटलाच नाही. भाकरी थापता येईना, केस विंचरता येईना.

"सुईनं कुठं हात जातो व्हय? सोंगं हायती समदी. नाचता येईना अंगण वाकडं!" कारभारी पारावर सगळ्यांदेखत सांगायचा.

पुढं शहरातल्या हाडाच्या डॉक्टरनं एमआरआय बघून सांगितलं, सुई सांध्यात गेली, आतून सूज येऊन खांदा आखडला. मग कारभारीनंच वकील गाठला आणि संभाजीनगरच्या ग्राहक कोर्टात भरपाईचा दावा लावला. तारीख असली की तिच्या आधी हाच टोपी घालून उभा.

साक्षीला दवाखान्याच्या वकिलानं त्याला विचारलं, "बायको सोंग करते, असं तुम्हीच गावात म्हणत होतात ना?"

कारभारीनं सारजाबाईकडं बघितलं. नाही म्हणायला जीभच वळंना.

"म्हणलो व्हतो साहेब. पण तव्हा मला कळत नव्हतं..."

"म्हणलो व्हतो" एवढं लिहून घेतलं. पुढचं राहूनच गेलं.

कोर्टानं दावा फेटाळला. सुईनंच झालं याला पुरावा नाही. घरच्या माणसाचासुद्धा इस्वास नव्हता, म्हणे.

निकाल ऐकून दोघं एसटीत चढले. बसायला जागा नव्हती. डाव्या हातात पिशवी, आणि उजवा हात वरच्या दांड्याला पोचंना. गाडीनं हिसका दिला की सारजाबाई भेलकांडायची. कारभारीनं चारचौघांदेखत तिच्या कमरेला हात घालून तिला धरलं.

"अवो, सोडा. गावची माणसं हायती."

"असू दे."

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "तिथं वकिलाला 'नाय' कामून म्हणला नाय?"

"तुझ्याबद्दल एकदा खोटं बोललो, सारजे. त्येच अजून फिटंना."

फुलंब्री येईस्तोवर त्याचा हात तिनं काढला नाही.