मिठाखालचा वास

मी चाकणच्या एका गोठ्यातली म्हातारी गाय बोलतेय. नाव हौशी. काळी-पांढरी, संकरित, एक शिंग मोडकं. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही; जे आहे ते सांगते.

आज जिथं कंपनीच्या बसगाड्या उभ्या राहतात, तिथली हरळी मी लहानपणी खाल्लीय. माझा मालक किसन. वासरू झालं की तो उकिडवा बसायचा, कातडी चिमटीत धरायचा, शेपूट बघायचा, आणि म्हणायचा, "ही घर भरील." माझ्या थोरल्या बहिणीला तो दुधाची विहीर म्हणायचा; तिनं जन्मात तांब्या भरला नाही. वळूचं तर विचारूच नका. त्याच्या लेकी व्याल्या, दुधाला आल्या की मग कळायचं वळू कसा. तोवर तो म्हातारा. पण किसनच्या हाताची ऊब अजून पाठीवर आहे. तो गेला, गोठा त्याच्या बायकोवर, सोजरबाईवर आला.

गेल्या दिवाळीत माझं वासरू मेलेलंच जन्मलं. त्याच सकाळी शेजारच्या अंबुबाईची गाय व्याली आणि गेली. सोजरबाईनं तिची पोरकी वासरी पोत्यात घालून आणली, माझ्या वारेचं पाणी तिला चोळलं, वर मूठभर मीठ लावलं आणि माझ्यापुढं ठेवली. मी चाटलं. पान्हा फुटला. तिचं नाव पडलं चिंगी.

पुढं डॉक्टर कानात बिल्ला मारायला आले. "हिची आई कोण?" सोजरबाईनं माझ्याकडं बोट केलं. खोटं नव्हती बोलत. आमच्याकडं पाजते ती आई.

उन्हाळ्यात सून वर्षालीनं नवीन काढलं. ती कंपनीत माल तपासायला असते, तीच सवय घरात. रस्तारुंदीत अर्धा गोठा जाणार, वासरी एकच ठेवता येणार. कुठली? डॉक्टरांनी माझ्या, चिंगीच्या आणि दुसऱ्या एका वासरीच्या कानाचा मुगाएवढा तुकडा नेला. हजारो गाईंच्या दुधाच्या नोंदींशी ताडून, वासरी मोठी व्हायच्या आधीच तिच्या दुधाचा अंदाज सांगतात म्हणे.

निकाल फोनवर आला.

"आई, चिंगीचा आकडा कमी आलाय. आणि ही हौशीची लेकच नाही म्हणतात."

"न्हाईच. मीच आणली न्हवं पोत्यातनं."

"अहो, मग सांगायचं ना! मी हौशीची म्हणून ठेवणार होते."

"तू इचारलंस कवा? शिफ्टवरनं आलीस की चहा हाय का, येवढंच इचारतीस."

चिंगी विकली गेली, टेम्पोत चढली. धारेला वर्षाली बसली, आणि मी पान्हा चोरला. तिनं गरम पाण्यानं कास शेकली, मशीन लावलं, जादा भरड घातली. भरड खाल्ली. थेंब दिला नाही.

सोजरबाई दारात हसली. "लाव की त्या फोनलाच मशीन."

वर्षालीनं कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला हाक दिली, "अहो, गाडी काढा! टेम्पो तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्येच अडकला असेल."

तिथंच होता. त्या चौकानं पहिल्यांदाच कुणाचं भलं केलं.

चांगल्या आकड्याची वासरी अंबुबाईच्या रिकाम्या दावणीला गेली. वर्षालीचं तोंड वाकडं झालं. सोजरबाई म्हणाली, "तिची आपल्याकडं, आपली तिच्याकडं. फिटली."

आता माझं दूध आटत आलंय. चिंगी शेजारी रवंथ करते. किसन असता तर तिची कातडी चिमटीत धरून म्हणाला असता, "ही घर भरील." आणि चुकला असता. आकडा खोटा नाही. कान हवा तर खुशाल न्या. पण ही माझी नाही, हे मला फोनवरनं कळलं असं समजू नका. त्याच सकाळी, चाटता चाटता, मिठाखालून परक्या गोठ्याचा वास आला होता.

तरी चाटत राहिले. भुकेलं होतं ते.