जयवंताबाईचा पितळी गुंड

मित्रांनो, माझ्या पोटात आता पाणी नाही, म्हणून माझा आवाज घुमतो. त्याला घाबरू नका. मी पाणी भरण्याचा एक जुना पितळी गुंड आहे. पांढुर्ण्याच्या एका कासाराने मला पत्र्यातून ठोकून घडवले. प्रत्येक ठोक्यागणिक माझ्या आत पोकळी वाढत गेली. भांड्याचा जन्म असाच असतो: आधी त्याला रिकामे करतात, मग उपयोगाचे म्हणतात.

मला विकत घेतले जयवंताबाईने. तिगाव स्टेशनापलीकडे बौद्धांची एक वस्ती आहे. धम्म स्वीकारल्यावर तिथल्या माणसांनी स्वतःची विहीर खणली. जयवंता तेव्हा तरणी होती. तिने मुरूम उपसला, दगड वाहिले. पाणी लागले तेव्हा ते गढूळच होते. तरी तिने ते माझ्यात भरले आणि ज्याची त्याची ओंजळ भरून दिली.

पुढे कित्येक वर्षे मी तिच्या कमरेवर बसून उजाडताना पाहिले. विहिरीवरून घरी, घरून संत्र्याच्या बागेत कामाला, संध्याकाळी पुन्हा विहिरीवर. चिंच आणि राख लावून ती मला असे घासायची की शेजारची अंबाबाई म्हणायची, "आली व राणी. हिचा गुंड पाहूनच सूर्य निंगते."

"आन् तुयं तोंड पाहून मांगं फिरते," जयवंता दोर सोडता सोडता म्हणायची, "म्हणून मले पयले या लागते."

१९८६ साली तिच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. नागपूरच्या एका दवाखान्यात तिला विकतचे रक्त चढवले. त्या रक्तातून काय आले, ते तीन वर्षांनी तपासणीत कळले. एच.आय.व्ही. ही अक्षरे वस्तीत कुणाला नीट उच्चारता येत नव्हती. भीती मात्र सर्वांना बिनचूक पाठ झाली. जयवंता तेव्हा साठीला आली होती.

नागपूरहून डॉ. सरला तिला भेटायला आल्या. या आजाराची वयस्क माणसे दिवसभरात किती हिंडतात-फिरतात, त्यांना काय उठवते आणि काय बसवते, याचा त्या अभ्यास करीत होत्या.

"आता काय काय बंद करू, बाई?" जयवंताने विचारले.

"काही बंद करू नका, मावशी. यावर औषध माझ्याजवळ नाही. पाय चालतात तोवर चाला, पाणी भरा. पाण्यातून हा आजार कुणाला होत नाही."

जयवंताने मला जवळ ओढले. तिला उरलेला एकमेव उपाय कमरेवर बसण्याजोगा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो तेव्हा बायका बाजूला सरकल्या. अंबाबाईने दोरावर हात ठेवला.

"तू राहू दे व, जयवंता. आराम कर. आमी आणून देतो ना पाणी."

"मले आराम नाई पायजे."

"मंग काय पायजे?"

"दोर."

कुणी भांडले नाही. भांडण झाले असते, तर कदाचित काही उरले असते. तिचा मुलगा सुधाकर आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाल माय घरी. लोक प्रेमानंच सांगून राहिले. कायले जिद्द करून राहिली?"

"हे इहीर आमी खणली रे."

"मले मालूम आहे, माय."

मालूम असूनही तो तिला घरी घेऊन आला.

मग अंबाबाई पाणी घेऊन आली. मला उंबऱ्यावर ठेवायला लावले. आपली घागर मला लागू नये म्हणून तिने ती उंच धरली आणि वरून धार सोडली. जयवंता त्या धारेकडे पाहत राहिली. लहानपणी परक्या विहिरीपाशी असेच तिष्ठत उभे राहिल्यावर, अशीच वरून धार पडायची. आणि खाली भांडे धरून उभ्या असलेल्या पोरींमध्ये अंबाबाईही असायची. तिलाही ते आठवले असावे, कारण तिची धार चुकली आणि पाणी बाहेर सांडले. दुसऱ्या दिवशी धार चुकली नाही.

डॉ. सरला पुन्हा आल्या. त्यांनी बायकांना अंगणात बोलावले, समजावले, सर्वांसमोर माझ्यातले पाणी जयवंताच्या हातून प्यायल्या. "बरोबर हाय, बाई," सगळ्या म्हणाल्या. मग सरलाताई एकट्याच जयवंताजवळ बसल्या.

"पाय दुखतात का, मावशी?"

"नाई."

"दम लागतो?"

"नाई व बाई."

"मग चालणं का थांबवलं?"

"कुठी जाऊ?"

सरलाताईंनी आपली वही मिटली. त्या गेल्या, आणि दुसऱ्या सकाळी धार पुन्हा वरूनच पडली.

जयवंताचे जग आधी अंगणाएवढे झाले, मग ओसरीएवढे, मग खाटेएवढे. सून पुष्पा प्रेमाने तिच्या हातातला झाडूसुद्धा काढून घ्यायची. थंडी सरता सरता जयवंता गेली. पुष्पाने मला मागच्या भिंतीशी पालथे ठेवले. मोडीतही मला कुणी नेले नाही.

मित्रांनो, मला घासा, चकचकीत करा, असे मी म्हणणार नाही. माझे जे व्हायचे ते झाले. पण तुमच्या घरी आजारी, म्हातारे कुणी असेल, तर मायेच्या नावाखाली त्याच्या हातचे काम काढून घेऊ नका. त्याला पाणी आणून देणारे पुष्कळ भेटतील. त्याच्या बरोबरीने चालणारे कुणी तरी व्हा. तुम्ही व्हालच, अशी आशा मला उरलेली नाही. तरी सांगतो. लोक म्हणतात, आजाराने तिला खाटेवर पाडले. भांड्याला पाय नसतात. इतकी वर्षे मी तिच्याच पायांनी चाललो. ते पाय शेवटपर्यंत शाबूत होते.