थट्टेचं नातं

कुडबी ताप्सोबाला मातीत घातलं त्या दिवशी सगळ्यात मोठा धिंगाणा घातला एवारिस्त तोएने, आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढला नाही. काढणार तरी कसा? तो सामो जमातीचा, आणि हे मोसी; या दोन जमातींत पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं. मोसीच्या मयताला सामोने येऊन तमाशा केलाच पाहिजे, नाहीतर मयत कसलं ते! मोसीने सामोला गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, कुत्र्याचं मुंडकं खाणारा म्हणायचं; सामोने ते सव्याज परत करायचं; आणि राग येऊ द्यायचा नाही. ज्याला राग आला त्याची इज्जत गेली. एवारिस्त मेलेल्याचाच सदरा आणि टोपी घालून आला, कुडबीसारखा एक खांदा पाडून चालून दाखवलं, आणि खड्ड्याच्या वाटेवर सरळ आडवा झाला. माझा गुलाम मला न विचारता मेला, म्हणाला, त्याला पुरू देणार नाही. रडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी कुडबीची बायको सिब्दू हिने दोलोचं, म्हणजे ज्वारीच्या दारूचं, फेसाळतं मडकं आणून पुढ्यात ठेवलं, तेव्हा स्वारी उठली.

उठताना मात्र तो तिच्या कानाशी लागला. "वहिनी, पडद्यावर पहिलं नाव त्याचं असेल. माझं नंतर." सिब्दूने त्यावर विश्वास ठेवला. कोण ठेवणार नाही?

कारण एवारिस्त जो चित्रपट करत होता त्याची गोष्ट कुडबीची होती. त्याच्या आईची, नोपोकोची. गावात एक पोर तापाने गेलं. लोकांनी त्याचं प्रेत खांद्यावर घेतलं आणि गावभर फिरवलं. प्रेत ज्या दाराला धडकेल ती बाई जीव खाणारी चेटकीण. प्रेत कुठे धडकतं ते खांदेकऱ्यांच्या मनावर असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते धडकलं नोपोकोच्या दाराला, कारण ती विधवा होती आणि कुडबी तेव्हा सीमेपलीकडे कोकोच्या मळ्यात मजुरीला गेला होता. तो परतला तर झोपडीवर छप्पर नव्हतं. आई सापडली ती राजधानीत, तिच्यासारख्याच हाकललेल्या बायकांच्या आश्रमात, कापूस कातताना. तिथेच ती मेली. गावात तिचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता, तो तिच्या मरणानंतरही उठला नाही.

कुडबी इथे, कुडुगू शहरातल्या आमच्या वस्तीत, रेडिओ दुरुस्त करायचा, सिब्दू घरच्या अंगणात दोलो विकायची. त्याच अंगणातल्या बाकावर बसून त्याने ही गोष्ट एवारिस्तला सांगितली. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. कुठे आई काय म्हणाली, प्रेत उचलणाऱ्यांत कोण कोण होतं, शेजारणीने कसं दार लावून घेतलं. एवारिस्तने लिहून काढलं, कुडबीने सुधारलं. चित्रीकरणाला गाव परवानगी देईना, तेव्हा कुडबीच मुखियाच्या दारात जाऊन बसला, ज्या माणसांनी आईला हाकललं त्यांच्या पाया पडला. मग कामही केलं, आवाज पकडायची काठी डोक्यावर धरून उन्हात उभा राहिला. पुढे मूत्रपिंडं गेली. शेवटच्या दिवसांत त्याचं एकच चाललं होतं: गावाने नाव पुसलं तर पुसलं, पडद्यावर माझं नाव लागलं की त्याच्याबरोबर तिचंही लागेल, जगाला कळेल ती कोणाची आई होती. सिब्दूने त्याचा हात धरून सांगितलं, मी बघते ते. ही बाई शब्द देते तेव्हा पाळते. दोलो उकळायला ठेवला की ती घरात कोणी मेलं तरी चुलीपासून उठत नाही, असं लोक म्हणतात.

दर फेब्रुवारीत आमच्या वस्तीचा चित्रपट महोत्सव असतो. मोठ्या शहरातल्या महोत्सवाचा थाट इथे नाही. शाळेच्या भिंतीला चुना मारायचा, भाड्याच्या खुर्च्या मांडायच्या, बामाको, डाकार, नैरोबीहून येणारे दिग्दर्शक घराघरांत उतरवायचे आणि त्यांना कोंबडी-शेंगदाण्याचं कालवण खाऊ घालायचं. पाहुण्यांना ते फार आवडतं. या वर्षी मानाचा पाहुणा होता आपल्याच वस्तीत वाढलेला एवारिस्त. आता ब्रसेल्सला राहणारा, युरोपात बक्षीस मिळवून आलेला. सिब्दूने हातमागाचं पट्ट्यांचं नवं वस्त्र नेसलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

चित्रपट चांगला होता. हे कबूल करायलाच हवं, आणि तेच जास्त लागतं. नोपोको बोलायची तशीच ती पडद्यावरची बाई बोलत होती. शेजारणीने दार लावून घेतलं तेव्हा सिब्दू ओक्साबोक्शी रडली. मग नावं सरकायला लागली. ती सहावीपर्यंत शिकलेली, नावं वाचता येतात तिला. गाडीवाल्याचं नाव आलं. जेवण करणारीचं आलं. ज्याचं गाढव वापरलं त्याचंही आलं. कथा, पटकथा, दिग्दर्शन: एवारिस्त तोए. आणि अगदी शेवटी एक ओळ: माझ्या आजीस, जिची ही गोष्ट आहे.

त्याची आजी! ती बाई आपल्या अंथरुणावर, लेकीसुनांच्या गराड्यात, भरल्या पोटी गेली होती. तिच्या मयताला सिब्दूने स्वतः सहा मडकी नेली होती.

रात्रभर ती संतापाने अंगणातली मडकी घासत बसली. पण ती शहाणी बाई; रात्री कोणाच्या दारात जाऊन बोंब मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली चर्चा असते, दिग्दर्शक बसतो आणि कोणीही उठून काहीही विचारू शकतो. तिथेच सगळ्यांसमोर बोलायचं तिने ठरवलं. आणि इथेच ती चुकली.

एवारिस्त आपल्या आजीबद्दल छान सांगत होता. नैरोबीहून आलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सिब्दू उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "हा माणूस चोर आहे."

सगळं झाड हसलं म्हणा ना. मोसी बाईने सामोला चोर म्हटलं, यात नवल ते काय? माईक धरलेल्या पोरीने पाहुण्यांना लगबगीने समजावलं की ही आमच्याकडची थट्टा आहे, पिढ्यांची, हिनेच आम्हाला आजवर एकमेकांचे गळे धरू दिले नाहीत. बामाकोचा दिग्दर्शक मांडीवर थाप मारून म्हणाला की आमच्याकडेही अगदी असंच. दोघातिघांनी फोन वर धरले.

सिब्दूने सांगितलं की ही गोष्ट माझ्या नवऱ्याची आहे, ही आई माझ्या नवऱ्याची होती. हशा. याने माझ्या सासूला पळवलं. आणखी मोठा हशा. एवारिस्तच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, ते तिने पाहिलं. मग त्याने आजूबाजूचे हसरे चेहरे पाहिले आणि त्याला वाट सापडली. खुर्चीवरून उठून तो तिच्यासमोर धुळीत लोळण घेऊन पडला.

"मार मला, गुलामाच्या बायको! तुझा नवरा माझा, त्याची आई माझी, तुझी मडकीसुद्धा माझी!"

"मी थट्टा करत नाहीये," सिब्दू म्हणाली.

बस. एवढंच बोलायला नको होतं. थट्टा करणारा प्रत्येक जण हेच वाक्य म्हणतो, तोंड गंभीर ठेवून म्हणतो, आणि जो जितका गंभीर तितकी त्याला दाद. लोक खुर्च्यांवरून घसरले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कोणीतरी मागून ओरडलं की हिला पुढच्या चित्रपटात घ्या.

महोत्सवाचे अध्यक्ष यांबाबाबा तिला हाताला धरून शाळेच्या मागे घेऊन गेले. निवृत्त पोस्टमास्तर, वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. कुडबी एवारिस्तला गोष्ट सांगायचा तेव्हा सिब्दूच्या अंगणातल्या त्याच बाकावर बसून त्यांनी दोलोचे वाडगेच्या वाडगे रिचवले होते. ती म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकलंय ना सगळं, तुम्ही सांगा त्यांना. म्हाताऱ्याने नजर आपल्या चपलांकडे वळवली.

"ऐकलंय, सूनबाई. वस्तीतल्या निम्म्या लोकांनी ऐकलंय."

"मग?"

"मग काय! एवढ्या वर्षांनी आपला एक पोरगा नाव काढून आला, लांबलांबचे पाहुणे बसलेत. आणि तू सामोवर रागावलीस असं दिसलं तर नाचक्की कुडबीचीच होईल. लोकांना थट्टा वाटलीय ना? वाटू दे. तेच बरं."

सिब्दूने त्यांच्याकडे असं पाहिलं की म्हातारा खोकायला लागला.

सांगतेच्या समारंभाला ती जाणारच नव्हती. पण तिला बोलावणं धाडलं, दोन बायका घ्यायला आल्या. यांबाबाबांनी, मनाला लागलं म्हणून की काय देव जाणे, एक खास बक्षीस काढलं होतं: जुनं नातं जिवंत ठेवल्याबद्दल, सिब्दू ताप्सोबा यांना, कापडाचा एक तागा. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला मंचावर नेलं, हातात माईक दिला. लोक आधीच हसरी तोंडं करून बसले होते.

तिने कोणाला चोर म्हटलं नाही. रडलीही नाही. माईक तोंडाजवळ धरून सावकाश, एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, "कुडबी ताप्सोबा. त्याची आई, नोपोको ताप्सोबा."

आणि गप्प राहिली. मैदानही गप्प झालं. तेवढा वेळ, खरंच, तिला वाटलं की पोचलं. नैरोबीच्या बाई पुढे झुकून बघायला लागल्या, त्यांच्या कपाळावर आठी होती. यांबाबाबांनी मान खाली घातली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एवारिस्त दोन्ही हात वर करून उठला. "माझे गुलाम! दोघंही माझेच गुलाम!"

मैदान फुटलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. नैरोबीच्या बाईंची आठी गेली, त्याही हसल्या, आपल्याला आता रीत कळली या आनंदात. सिब्दूने माईक खाली ठेवला, तागा मंचावरच टाकला आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तिने तागा टाकला, तीसुद्धा थट्टाच ठरली.

आता ती बाजाराला निघाली की वस्तीतली माणसं लांबूनच ओरडतात, कुडबी ताप्सोबा! नोपोको ताप्सोबा! आणि हसतात, प्रेमाने हसतात. ज्या गावाने ते नाव घेऊ नये म्हणून दंडक घातला, तिथेही म्हणे फोनवरचं ते दृश्य पोचलंय आणि पोरं त्याची नक्कल करतात. तिने नवऱ्याला शब्द दिला होता, तो पुरा झाला. दोघांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, आणि ती घेताना कोणालाच हसू आवरत नाही.